ड्रॅगन समोर आला की मारायचाच का? नव्या फँटसी गेम्सचा पेच आणि नागफणीच्या पायथ्याच्या गोष्टी

फँटसी गेमचा ट्रेलर आला की चाहते आधी एकच गोष्ट शोधतात: ड्रॅगन कुठे आहे? ढगाआड पंखाची नुसती सावली दिसली तरी व्हिडिओ थांबवून, फ्रेम मोठी करून अंदाज बांधले जातात. ‘द एल्डर स्क्रोल्स ६’चा छोटा टीझर जून २०१८ मध्ये आला. त्यात डोंगर, किनारा आणि संगीत एवढंच होतं, तरी त्यावर चर्चा आजही चालू आहे. ‘द विचर ४’ डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२५ मध्ये ‘राजी: कलियुग’ची घोषणा केली. तो रोल-प्लेइंगपेक्षा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरकडे झुकणारा गेम आहे, पण त्याची दुनिया आपल्या पुराणकथांची आहे.

या गेम्समध्ये ड्रॅगन, किंवा त्याचा आपल्याकडचा भाऊबंद नाग, भेटला तर ती भेट कशी असावी? हा प्रश्न फक्त गेमर्सचा वाटतो. पण बोरघाट उतरून खालापूर आणि कर्जत तालुक्यात आलात की तोच प्रश्न भाताच्या खाचरात उभा असतो. नाग समोर आला, आता काय करायचं?

थोडक्यात:
• ‘ड्रॅगन’ या शब्दाचा मूळ अर्थ साप असाच आहे.
• गेमर्सच्या लक्षात राहिलेले बरेच ड्रॅगन असे आहेत, ज्यांना मारायचं की नाही हे खेळाडूला ठरवावं लागलं.
• आपल्या नागकथांमध्ये हा पर्याय पहिल्यापासून आहे.
• मात्र याच कथांमधले काही गैरसमज आजही जिवावर बेततात.

(सूचना: पुढे काही जुन्या गेम्सचे प्रसंग उघड होतात.)

ड्रॅगन म्हणजे मुळात कोण?

इंग्रजीतला ‘ड्रॅगन’ लॅटिन ‘ड्रॅको’वरून आला आणि तो ग्रीक ‘ड्राकोन’वरून. या शब्दाचा अर्थ मोठा साप. आज डोळ्यांसमोर येणारं चित्र, म्हणजे वटवाघळासारखे पंख, चार पाय आणि तोंडातून आग, हे युरोपात हळूहळू पक्कं झालं. चीनमधला ड्रॅगन तर पाण्याचा आणि पावसाचा मानला जातो. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळातून आजच्या रोल-प्लेइंग गेम्सचं व्याकरण घडलं. त्याच परंपरेत लाल ड्रॅगन दुष्ट आणि सोनेरी ड्रॅगन सज्जन अशी विभागणी रूढ झाली.

ड्रॅगन हे नाव निसर्गातही आहे. सिंधुदुर्ग, गोवा आणि त्याच्या दक्षिणेकडच्या सह्याद्रीत एक छोटा सरडा या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. त्याच्या बरगड्यांना जोडलेली कातडी पंखासारखी पसरते. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ‘ड्रॅको’ आहे.

आणखी एक साम्य बघा. जुन्या इंग्रजी ‘बेओवुल्फ’ काव्यातला ड्रॅगन पुरलेल्या खजिन्यावर बसलेला असतो. कुणीतरी त्यातला एक प्याला चोरतो आणि तो खवळतो. आपल्याकडे ‘धनावरचा नाग’ कुणाला सांगावा लागत नाही. पुरलेल्या हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग, देवराईचा किंवा जुन्या वाड्याचा राखणदार, या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या आहेत. फरक शेवटाचा आहे. युरोपातल्या गोष्टीत बहुतेक वेळा वीर ड्रॅगनला मारतो आणि खजिना उरतो. आपल्या गोष्टीत धनाला हात लावणाऱ्याचंच बहुधा वाटोळं होतं.

गेममध्ये ही भेट कशी घडवतात?

गेममधला ड्रॅगन म्हणजे तांत्रिक भाषेत एक ‘स्टेट मशीन’. त्याच्या काही ठरलेल्या अवस्था असतात: घिरट्या घालणं, चाहूल घेणं, हल्ला करणं, माघार घेणं. तुम्ही किती जवळ आलात, किती घाव घातले, त्याची ताकद किती उरली, यावर तो एका अवस्थेतून दुसरीत जातो. वर एक लाल पट्टी असते. ती संपली की ड्रॅगन संपला.

यात एक अडचण आहे. उडणाऱ्या शत्रूशी तलवारीने लढणार कसं? म्हणून डिझायनरला त्याला खाली आणावंच लागतं. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेल्या ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगन मधून मधून स्वतःच जमिनीवर उतरतो. पुढे खेळाडूला एक खास आरोळी मिळते, जिच्या जोरावर उडणारा ड्रॅगन खाली आपटतो.

मग येतं बक्षीस. ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगन मेला की त्याचा आत्मा खेळाडूच्या अंगात शिरतो आणि त्याच्या जोरावर नव्या आरोळ्या वापरता येतात. म्हणजे गेमचा सगळा हिशेब मारण्याच्या बाजूने मांडलेला आहे. न मारणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. नव्या गेम्सपुढचा खरा पेच इथे आहे. ग्राफिक्स कितीही चांगले झाले तरी गेम कशाचं बक्षीस देतो, त्यावरून खेळाडू कसा वागणार हे ठरतं.

मग लक्षात राहतात ते कोणते ड्रॅगन?

‘स्कायरिम’मध्ये खेळाडू डझनावारी ड्रॅगन मारतो. त्यांची नावंही आठवत नाहीत. आठवतो तो पार्थुर्नाक्स. सर्वात उंच शिखरावर एकटा राहणारा हा म्हातारा ड्रॅगन कधीकाळी क्रूर होता. नंतर तो बदलला आणि माणसांचा गुरू झाला. तो खेळाडूला शिकवतो, त्याच्याशी बोलतो. पुढे ‘ब्लेड्स’ नावाची ड्रॅगन मारणारी संघटना सांगते की याला ठार कर, नाहीतर आमची मदत विसर. अनेक खेळाडूंना हे इतकं खटकलं की चाहत्यांनी स्वतः मॉड तयार करून त्याला जिवंत ठेवण्याची सोय केली.

‘विचर’च्या जगात तर हा नियमच आहे. पोलिश लेखक आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथांमधला गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस, पण तो ड्रॅगनला मारत नाही. २०११ च्या ‘विचर २’मध्ये शेवटी जखमी ड्रॅगन समोर पडलेला असतो आणि त्याला मारायचं की सोडायचं हे खेळाडूवर सोडलेलं आहे. ‘विचर ४’ची नायिका सिरी आहे. गेराल्टच्या हाताखाली घडलेली ही मुलगी ड्रॅगनसमोर उभी राहिली तर काय करेल, ही चाहत्यांची उत्सुकता या जुन्या नियमातून येते.

फोनवर खेळणाऱ्यांना जवळचं उदाहरण ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चं. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या या गेममधला पहिला मोठा ड्रॅगन द्वालिन. शहरावर हल्ले करणारा द्वालिन एकेकाळी त्याच शहराचा रक्षक होता. विषारी रक्ताने तो पिसाळलेला असतो. लढाई होते, पण शेवट होतो त्याला त्या विषातून सोडवण्यात.

आपल्या पुराणांत ही भेट कशी होते?

कालिया नागाने यमुनेचं पाणी विषारी केलं. कृष्णाने त्याच्या फण्यावर नाच केला, त्याला नमवलं आणि डोह सोडून जायला लावलं. मारलं नाही. वासुकी समुद्रमंथनात दोर झाला, म्हणजे देव आणि असुर दोघांनाही तो लागला. शेषाच्या डोक्यावर तर पृथ्वीच आहे.

मारण्याची मोठी गोष्ट आहे वृत्राची. ऋग्वेदात पाणी अडवून बसलेल्या या ‘अहि’ला, म्हणजे सर्पाला, इंद्र वज्राने मारतो आणि नद्या वाहू लागतात. ड्रॅगन मारण्याच्या जगातल्या सर्वात जुन्या कथांपैकी ही एक. पण पुढच्या परंपरेने तिला जोड दिली: वृत्राला मारल्याचं पाप इंद्राला लागलं आणि देवांच्या राजाला तोंड लपवून बसावं लागलं. विजयाची किंमतही गोष्टीने वसूल केली.

सगळ्यात बोलकी गोष्ट सर्पसत्राची आहे. तक्षकाच्या दंशाने परीक्षित राजा मेला म्हणून त्याचा मुलगा जनमेजय जगातले सगळे साप यज्ञात जाळायला निघतो. गेमच्या भाषेत सांगायचं तर ‘सगळे ड्रॅगन संपवा’ हे मिशन. आणि ते अर्ध्यात थांबतं. थांबवणारा आस्तीक हा नागकन्येचा मुलगा. त्याचे वडील ऋषी, आई नागकुळातली. दोन्ही बाजूंचं रक्त असलेला एक कोवळा मुलगा राजाकडे वर मागतो की हे बंद कर. महाभारत सांगितलं जातं ते याच यज्ञाच्या वेळी.

कर्जत-खालापूरचा यात काय संबंध?

पुराणातून आता जमिनीवर येऊ. खोपोलीकडून घाटाकडे पाहिलं की एक सुळका आकाशात वर आलेला दिसतो. ब्रिटिशांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, म्हणून नकाशावर ‘ड्यूक्स नोज’ आलं. मराठीत तो नागफणी. एकाच कड्याकडे बघून एकाला साहेबाचं नाक आठवलं आणि दुसऱ्याला फणा काढलेला नाग.

या फण्याच्या बाजूने कुरवंडे घाट खाली उतरतो तो चावणी-उंबरखिंडीच्या दिशेने, खालापूर तालुक्यात. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलब खानाची फौज याच वाटेने कोकणात उतरली आणि अरुंद खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला कोंडीत पकडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अखेर खानाला शरण यावं लागलं. इथेही शत्रूची पूर्ण कत्तल झाली नाही. खंडणी आणि सामान ठेवून घेऊन त्याला जाऊ दिलं. ‘बॉस फाइट’साठी रिंगण कसं निवडावं, याचा याहून चांगला धडा डिझायनरला सापडणं अवघड आहे.

कर्जतच्या बाजूला पेठ गावावरचा कोथळीगड आहे. त्याच्या सुळक्यावर जायचा जिना खडकाच्या पोटातून कोरून काढलेला आहे. अंधारातून वर चढत एकदम उजेडात येणं, हा अनुभव अनेक गेम्स मुद्दाम रचतात. इथे तो दगडात तयार आहे.

आणि हा दगडही साधा नाही. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. त्याच्या आगेमागे आजच्या गुजरातच्या भागात राजासॉरस नावाचा मांसाहारी डायनासोर वावरत होता. डोक्यावर शिंग असलेल्या या प्राण्याचं नाव ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं २००३ मध्ये ठेवण्यात आलं. खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका पार्कमध्ये याच राजासॉरसच्या नावाची बोटीची राइड आहे. तिकीट काढून ‘ड्रॅगन’ भेटण्याची जागा तालुक्यात आधीच आहे म्हणायची.

नागपंचमीची कहाणी: एक तयार क्वेस्ट

श्रावणात या पट्ट्यात भाताची लावणी आटोपत आलेली असते. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे नियम आजही अनेक घरांत पाळले जातात. त्यामागची कहाणी आजीकडून ऐकली असेल. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण येते, फाळाला लागलेलं रक्त पाहते आणि शेतकऱ्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते. मग सासरी असलेल्या त्याच्या मुलीला डसायला निघते. तिथे पोचते तर मुलीने पाटावर नागाचं चित्र काढलेलं, लाह्या-दुधाचा नैवेद्य ठेवलेला. नागीण शांत होते. झालेलं सगळं सांगते आणि तिला अमृत देते. ते घेऊन मुलगी माहेरी जाते, माणसं उठून बसतात.

हीच गोष्ट गेम म्हणून मांडून पाहा. सुरुवातीची चूक खेळाडूच्याच घरातून झालेली आहे, तीही नकळत. ‘ड्रॅगन’ला त्याची बाजू आहे. त्याला हरवण्याचा मार्गच नाही, समजावण्याचा आहे. आणि सर्वात मोठं बक्षीस, म्हणजे अमृत, मिळतं ते न लढण्याबद्दल. ‘स्कायरिम’चा हिशेब इथे बरोबर उलटा होतो.

पुण्याच्या टीमचा पहिला गेम ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. त्यात सर्कशीतली मुलगी राजी आपल्या भावाला, गोलूला, शोधत असुरांशी लढते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. एका साध्या मुलीच्या खांद्यावर मोठी गोष्ट पेलते, हे त्या गेमने दाखवलं. नागपंचमीच्या कहाणीतली लेकही तशीच साधी आहे.

पण या गोष्टी चुकतातही

नागाचा मान राखणाऱ्या गोष्टींनी काही गैरसमजही पसरवले आहेत. साप दूध पीत नाही, तो मांसाहारी आहे. नागीण चेहरा लक्षात ठेवून सूड घेते, हे सिनेमात ठीक. साप असा सूड घेत नाही. त्याला हवेतल्या आवाजापेक्षा जमिनीतली थरथर चांगली कळते.

यातच एक गंमत आहे. गेममध्ये ड्रॅगनच्या गुहेत शिरताना आपण पावलांचा आवाज न करता सरकतो. कर्जतच्या बांधावर नेमकं उलटं करायचं असतं: काठी आपटत, पाय वाजवत, रात्री बॅटरी घेऊन चालायचं. थरथर कळली की साप बहुधा स्वतःच बाजूला होतो. खरी भेट टाळण्यातच दोघांचं भलं असतं.

आणि दंश झालाच तर? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांच्या विषावरचं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता १०८ वर फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास जीव घेऊ शकतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याचा स्पष्ट उल्लेख आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे.

साप मारणंही कायद्यात बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सापांना लागू आहे. गेममधल्या ड्रॅगनशी रूपाने जवळची असलेली आपली घोरपड तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे.

या गोष्टी कुणाच्या?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. म्हणजे इथल्या मातीतल्या गोष्टींना मागणी वाढणार. पुराणं छापलेली आहेत, ती कुणीही उघडावीत. पण कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधल्या ठाकर आणि कातकरी समाजाकडे जंगल, वारूळ आणि सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दल जे तोंडी ज्ञान आहे, त्यातलं बरंचसं कागदावर नाही. कातकरी समाजाचा समावेश राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. एखाद्या स्टुडिओने इथे येऊन गोष्ट नेली, तर सांगणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत यावं आणि त्याला मोबदला मिळावा, ही मागणी मोठी नाही. राखणदाराला न विचारता हंडा उचलला की काय होतं, हे आपल्याच गोष्टींनी सांगून ठेवलं आहे.

नवा गेम आला की काय पाहाल?

पुढचा ड्रॅगन स्क्रीनवर उतरेल तेव्हा ग्राफिक्ससोबत या चार गोष्टी तपासा.

१. त्याच्या रागाला कारण आहे का? की तो फक्त वाटेत उभा आहे म्हणून शत्रू?

२. त्याच्याशी बोलण्याचा, त्याला जाऊ देण्याचा किंवा स्वतः मागे फिरण्याचा पर्याय आहे का?

३. तो पर्याय घेतला तर गेम काही देतो, की रिकाम्या हाताने परत पाठवतो?

४. मारलं, तर पुढच्या जगात काही बदलतं का? पाणी आटतं, गाव बोलेनासं होतं, कुणी जाब विचारतं?

चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर तो ड्रॅगन म्हणजे लाल पट्टी लावलेली एक मोठी पाल आहे. दोन जरी ‘हो’ असतील, तर तो पार्थुर्नाक्ससारखा दहा-पंधरा वर्षं लक्षात राहील. बांधावरून जाताना मात्र गेम बाजूला, काठी आणि बॅटरी हातात. तिथे सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडता येत नाही.